इमेज आहे, पण ती बनली कशी?

सदर : यंत्राच्या पोटात

ऑपरेटिंग सिस्टिम तयारच घ्यावी लागते असं नाही. सोर्सकोडपासून हवी तेवढीच बांधून तिची इमेज (कार्डावर किंवा यंत्रात जशीच्या तशी उतरवायची एकच फाइल) करता येते, असं मागच्या अंकात ओझरतं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. कमांड आणि फाइलींची नावं सदराच्या रिवाजाप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कीबोर्डवर अर्थातच रोमन.

प्रश्न (सांगली) : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा प्रोजेक्ट रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डवर आहे. दूध संकलन केंद्रावर शेतकऱ्याला लिटर, फॅट आणि रक्कम दाखवायची, पावती काढायची. सर म्हणतात, तयार ओएस टाकू नका, इमेज स्वतः बिल्ड करा. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. बिल्डरूट घ्यावं, योक्टो घ्यावं की लिनक्स फ्रॉम स्क्रॅच? आणि रास्पबेरी पाय ओएस असताना हा खटाटोप करायचाच कशाला?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते. रास्पबेरी पाय ओएस चांगली आहे, डेबियनवर उभी आहे, आणि प्रोजेक्ट फक्त परीक्षकांपुढे टेबलावर दाखवायचा असेल तर खुशाल तीच वापर. पण माझं पोट ज्या यंत्रांवर चालतं ती अशीच, दूध संकलनाची. तिथे पहाटे रांग लागलेली असते, मधेच वीज जाते, पाच मिनिटांनी येते, आणि तेवढ्यात यंत्र फाइलसिस्टिम दुरुस्त करत बसलं तर सचिव आधी आपल्याला फोन लावतो. तुला लागतं काय? कर्नल (ओएसचा गाभा), सिरियल पोर्टवरून अ‍ॅनालायझरचा आकडा वाचणारा प्रोग्राम, स्क्रीन, प्रिंटर, एक छोटा डेटाबेस. ब्लूटूथ, डेस्कटॉप, आपोआप येणारे अपडेट यांतलं काहीच नको. जे इमेजमध्ये नाही ते बिघडत नाही, आणि त्यातली सुरक्षेची भोकंही बुजवावी लागत नाहीत. सरांचा आग्रह बरोबर आहे.

बिल्डरूट घे. सोर्सपासून अख्खी इमेज बांधून देणारं ते हत्यार आहे. हा प्रकल्प २००१ पासून चालू आहे, दर तीन महिन्यांनी नवी आवृत्ती निघते आणि फेब्रुवारीतली आवृत्ती जास्त काळ सांभाळली जाते, तीच उचल. ‘मेक रास्पबेरीपाय४_६४_डेफकॉन्फिग’ म्हणायचं, ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ उघडून हवं ते निवडायचं, मग नुसतं ‘मेक’. ते सोर्स उतरवून घेतं, हॅश (फाइलीचा बोटांच्या ठशासारखा आकडा) जुळतो का बघतं, आधी क्रॉस-कंपायलर (लॅपटॉपवर चालून पायसाठीचे प्रोग्राम बनवणारा) बांधतं, त्या कंपायलरने कर्नल, सी लायब्ररी, बिझीबॉक्स (नेहमीच्या कमांडींचा एकच छोटा गठ्ठा) आणि तू निवडलेली पॅकेजं बांधतं, आणि शेवटी ‘आउटपुट’मधल्या ‘इमेजेस’ फोल्डरात ‘एसडीकार्ड डॉट आयएमजी’ ठेवतं. एवढ्याला ८ जीबी रॅम पुरते. वेळ खातो तो कंपायलर. बूटलिन या फ्रेंच कंपनीने बनवून ठेवलेले कंपायलर मेन्यूतूनच निवडता येतात, ते घेतलेस तर पहिली बिल्ड बरीच लवकर उरकते. हे सगळं साध्या यूजरने करायचं, सुडो लावून नव्हे.

मुलं अडकतात ती ठिकाणं ठरलेली आहेत. पाचपंचवीस पॅकेजं निवडली की बिल्ड अगदी शेवटी, फाइलसिस्टिम बनवताना पडते. कारण रूट पार्टिशनचा आकार मुळात १२० एमबी ठरवलेला असतो. एररच्या खालीच ‘आकार वाढवून बघा’ असं लिहिलेलं असतं, पण तोवर घाबरून कोणी वाचत नाही. दुसरं, मेन्यूत एखाद्या पॅकेजची खूण काढली म्हणून ते इमेजमधून जात नाही. बिल्डरूट आधी टाकलेल्या फाइली मागे जाऊन उचलत नाही. ‘मेक क्लीन’ करून पहिल्यापासून बांधावं लागतं. तिसरं, ‘आउटपुट’मधल्या ‘टार्गेट’ फोल्डरात सगळी फाइलसिस्टिम मांडलेली दिसते आणि तीच कार्डावर कॉपी करायचा मोह होतो. तिथे बिल्डरूटवाल्यांनी ‘हे तुमचं रूट फाइलसिस्टिम नव्हे’ अशा अर्थाच्या नावाची एक फाइलच ठेवून दिली आहे. तिचं ऐक. मालकी आणि परवानग्या त्या फोल्डरात बरोबर नसतात, त्या इमेज बनताना लावल्या जातात.

तुझा प्रोग्राम, त्याची सुरू होण्याची स्क्रिप्ट, सेटिंगच्या फाइली हे सगळं एका वेगळ्या ‘ओव्हरले’ फोल्डरात ठेव आणि त्याचा पत्ता मेन्यूत दे. चालू यंत्रात लॉगिन करून तिथल्या तिथे फाइल बदलायची सवय लावून घेऊ नकोस. तसा बदल त्या एका कार्डापुरता राहतो आणि पुढच्या इमेजमध्ये नसतो. आणि हो, बिल्डरूटमध्ये रूटला मुळात पासवर्डच नसतो. तो घाल.

डेअरीसाठी दोन गोष्टी जास्तीच्या. रूट पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं ठेव (बूट होताना ते लिहिण्यासाठी उघडण्याचा पर्याय मेन्यूत असतो, तो बंद कर) आणि नोंदींसाठी वेगळं पार्टिशन कर. वीज गेली तरी निदान यंत्र उठून उभं राहतं. दुसरी गोष्ट घड्याळ. पाय ४ वर बॅटरीचं घड्याळ नाही. इंटरनेट नसलेल्या केंद्रावर बिझीबॉक्सचं इनिट (बूट होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) असलेली इमेज सुरू झाली, की पावतीवर १ जानेवारी १९७० छापून येतं, टाइमझोन भारताचा असेल तर वेळ सकाळचे साडेपाच. युनिक्सची शून्य वेळ आपल्याकडे तेव्हाच पडते, आणि गंमत म्हणजे दुधाचीही वेळ साधारण तीच, त्यामुळे नुसती वेळ बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. डीएस३२३१ या बॅटरीच्या घड्याळाचं मोड्यूल लाव, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये घे, आणि टाइमझोन इमेजमध्येच ठरव.

योक्टो मोठ्या कंपन्यांचं हत्यार आहे. २०१० मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सुरू झालं. अनेक बोर्ड, अनेक टीम, प्रत्येक चिपवाल्याचा स्वतःचा लेयर असा पसारा असेल तिथे त्याला पर्याय नाही. पण त्याच्या मार्गदर्शिकेत ९० जीबी मोकळी जागा किमान म्हणून लिहिलेली असायची, आता तो आकडा त्याहून वर गेला आहे. तुझ्या लॅपटॉपला ते झेपणार नाही. नोकरीला लागल्यावर शिकशीलच. तेव्हा एक लक्षात ठेव: ‘इमेज_इन्स्टॉल’ला पॅकेज जोडताना अवतरणात नावाआधी मोकळी जागा सोडावी लागते, नाहीतर दोन नावं चिकटून तिसरंच नाव तयार होतं आणि बिटबेक (योक्टोचं बांधकाम करणारा प्रोग्राम) म्हणतं, असं काही नाहीच. लिनक्स फ्रॉम स्क्रॅच म्हणजे पुरणपोळीसाठी हरभरा पेरण्यापासून सुरुवात. दिवाळीच्या सुट्टीत एकदा जरूर कर, आतलं कळतं. प्रोजेक्टच्या मुदतीत नको.

प्रश्न (मडगाव) : माझ्याकडे जुना राउटर आहे, ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाला. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) सोर्सपासून बांधून घालता येईल का?

उत्तर : नाद सोडा. २१.०२ आवृत्तीपासून निदान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम धरली आहे. ओढूनताणून बसवलंत तरी वेब पानासाठी जागा उरणार नाही आणि रॅम संपून राउटर मधेच झोपेल. ओपनडब्ल्यूआरटी जन्मलंच अशा एका राउटरवरून. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जीमध्ये लिनक्स असल्याचं उघड झालं, जीपीएल या, सोर्स द्यायला लावणाऱ्या परवान्यामुळे २००३ मध्ये त्याचा सोर्स द्यावा लागला आणि २००४ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. पण कर्नल तेव्हापासून फुगत आला आहे. थोडा नवा राउटर मिळाला तर सगळं कंपाइल करत बसू नका, ‘इमेज बिल्डर’ उतरवा. त्यात पॅकेजं आधीच बांधलेली असतात. ‘मेक इमेज’ला राउटरचं प्रोफाइल आणि हव्या त्या पॅकेजांची यादी द्यायची, नको असलेल्या नावाआधी उणे चिन्ह. काही मिनिटांत इमेज हातात.

प्रश्न (अंबड, नाशिक) : आमचं छोटं युनिट आहे, कारखान्यांसाठी वीजवापराचे डेटा लॉगर बनवतो. आत आर्म प्रोसेसरचं बोर्ड आणि लिनक्स. ज्या मुलाने इमेज बनवली तो काही वर्षांपूर्वी परदेशी गेला. आमच्याकडे फक्त कार्डाची इमेज फाइल आहे. तीच कॉपी करून माल देतो. आता गिऱ्हाइकाला ४जी मोडेम हवा आहे. मोडेम जोडला तर लॉगरला तो दिसतच नाही. एका कन्सल्टंटने सगळं नव्याने करायचं म्हणून मोठा आकडा सांगितला. इमेज आहे तर तिच्यातच ड्रायव्हर घालता येणार नाही का?

उत्तर : या महिन्यात असंच सांगणारी आणखीही पत्रं आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्याकडे इमेज आहे, पण ती बनली कशी हे नाही. धंद्याच्या दृष्टीने दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची. इमेज हरवली तर पुन्हा बांधता येते. बांधायची रीत हरवली, की साधा मोडेमही डोंगर होतो.

मोडेमचा ड्रायव्हर हा कर्नलचा भाग. तो मोड्यूल म्हणून नंतर घालता येतो, पण मोड्यूल नेमक्या त्याच आवृत्तीच्या कर्नलसाठी, त्याच मुख्य सेटिंगांनी बांधलेलं लागतं. दुसऱ्या कुठल्या यंत्रातून उचलून आणलेली फाइल टाकलीत तर ‘इनव्हॅलिड मोड्यूल फॉरमॅट’ म्हणून कर्नल ती परत करेल. म्हणजे तुम्हाला कर्नलचा सोर्स, त्याची कॉन्फिग आणि कंपायलर, तिन्ही हवेत.

कन्सल्टंटला होकार देण्याआधी घरच्या घरी एवढं बघून घ्या. इमेज लिनक्सवर ‘लोसेटअप’च्या मोठ्या ‘पी’ पर्यायाने लूप डिव्हाइस म्हणून जोडा, म्हणजे तिच्यातली पार्टिशनं वेगवेगळी दिसतील. रूट पार्टिशन माउंट करून ‘ईटीसी’मधली ‘ओएस-रिलीज’ फाइल उघडा. बिल्डरूटने बनवलेली असेल तर तिथे तसं नाव आणि आवृत्ती लिहिलेली सापडते. ‘लिब’मध्ये लोडरचं नाव बघा. त्यात ‘मसल’ आहे, ‘यूसीलिबसी’ आहे की ‘लिनक्स’, यावरून सी लायब्ररी कळते. ‘लिब’मधल्या ‘मोड्यूल्स’ फोल्डराचं नाव म्हणजे कर्नलची नेमकी आवृत्ती. मग चालू यंत्रावर ‘प्रॉक’मधली ‘व्हर्जन’ फाइल वाचा. कुठल्या कंपायलरने, कोणत्या तारखेला बांधलं ते तिथे असतं. शिवाय कोणाच्या खात्यावरून आणि कोणत्या कॉम्प्युटरवर तेही. ते कॉम्प्युटरचं नाव मी तरी आधी वाचते. कित्येकदा तेच मशीन आजही अकाउंटच्या टेबलाखाली टॅलीसाठी वापरात असतं आणि त्याच्या डिस्कवर बिल्डचा फोल्डर जसाच्या तसा पडलेला असतो. तुमच्याकडे तसा सापडला तर कन्सल्टंटचा आकडा निम्म्यावर आलाच समजा. त्यातली ‘डॉट कॉन्फिग’ ही निवडींची फाइल आणि ‘डीएल’ हा उतरवलेल्या सोर्सचा फोल्डर आधी दोन ठिकाणी कॉपी करा, मग चहा घ्या.

नाही सापडला तरी हातपाय गाळू नका. ‘प्रॉक’मध्ये ‘कॉन्फिग डॉट जीझेड’ असेल तर कर्नलची पूर्ण कॉन्फिग तिथेच आहे. तिथे नसली तरी काही वेळा ती कर्नलच्या फाइलीतच दडलेली असते; कर्नलच्या सोर्ससोबत येणारी ‘एक्स्ट्रॅक्ट-आयकेकॉन्फिग’ स्क्रिप्ट ती काढून देते. बोर्डाच्या पिना कुठे काय जोडल्या आहेत हे सांगणारी डिव्हाइस ट्री ‘डीटीसी’ने उलटी फिरवून वाचता येते, मूळ फाइलीतल्या टिपा येत नाहीत, बाकी बहुतेक येतं. पॅकेजांची यादी मात्र बिल्डरूटच्या इमेजमध्ये नसते. ती ‘यूएसआर’खालच्या ‘लिब’मधल्या लायब्ररींच्या नावांवरून आणि बिझीबॉक्स काय काय करू शकतो ते त्यालाच विचारून जुळवावी लागते. किचकट आहे, पण अशक्य नाही.

आवृत्ती कळली, की जुनं बिल्डरूट उतरवून आजच्या उबुंटूवर ‘मेक’ माराल, आणि ते पडेल. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही आवृत्तीवर संशय घेणार नाही. समजा २०१९-२० ची बिल्डरूट आहे आणि लॅपटॉपवर उबुंटू २२.०४. बिल्डरूट आधी स्वतःला लागणारी हत्यारं तुमच्या लॅपटॉपसाठी बांधतं, त्यात एम४ नावाचा जुनाजाणता प्रोग्राम असतो. त्याची १.४.१८ ही आवृत्ती ‘सिगस्टॅकएसझेड’ ही ठरलेली संख्या धरून चालते. ग्लिबसी (लॅपटॉपच्या लिनक्समधली सी लायब्ररी) २.३४ पासून ती संख्या राहिली नाही, चालू असताना काढली जाते. त्यामुळे कंपायलर तिथेच थांबतो. तुमच्या बोर्डाचा, मोडेमचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पॅच शोधत बसण्यापेक्षा त्या काळातलं उबुंटू १८.०४ किंवा डेबियन १० डॉकरमध्ये (चालू सिस्टिमच्या आत दुसरी वेगळी सिस्टिम चालवणारं हत्यार) उभं करा आणि आत बिल्ड करा.

मग कर्नलच्या कॉन्फिगमध्ये मोडेमला लागणारे ‘ऑप्शन’ आणि ‘क्यूएमआय_डब्ल्यूडब्ल्यूएएन’ हे ड्रायव्हर चालू करा. बरेच ४जी मोडेम या दोघांत भागतात.

कन्सल्टंट बोलवावाच लागला तर करारात इमेज मागू नका. आवृत्तीच्या खुणेसह गिट रिपॉझिटरी मागा. त्यात डेफकॉन्फिग, कर्नलची कॉन्फिग, पॅच, ओव्हरले, तुमची स्वतःची पॅकेजं बिल्डरूटच्या बाहेरच्या वेगळ्या झाडात, डॉकरफाइल आणि भरलेला ‘डीएल’ फोल्डर हवा. सोर्सच्या मूळ साइट बंद पडतात. बिल्डरूट स्वतःच्या सर्व्हरवर प्रती ठेवतं हे खरं, पण तुमच्या खास कर्नलची प्रत तिथे नसते. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी तुमच्याच ऑफिसातल्या, त्याने कधी हात न लावलेल्या कॉम्प्युटरवर, इंटरनेटची वायर काढून बिल्ड करून दाखवायला सांगा. ‘मेक लीगल-इन्फो’ही चालवून घ्या. कुठल्या पॅकेजला कुठला परवाना याचा तक्ता आणि सोर्स एका जागी मिळतात. कर्नल जीपीएलखाली आहे, तो घातलेलं यंत्र विकता तेव्हा गिऱ्हाईक सोर्स मागू शकतं. निर्यातीच्या ऑर्डरीत हे हमखास विचारतात.

प्रश्न (सोलापूर) : ताई, आमच्या वाचनालयात सूचना दाखवायला मोठा स्क्रीन लावला आहे. पुतण्याने बिल्डरूटवर इमेज केली, सी भाषेतला प्रोग्राम एसडीएलवर (स्क्रीनवर चित्र काढणारी लायब्ररी) लिहिला. आधी मराठीच्या जागी नुसते चौकोन येत होते. फॉन्ट घातल्यावर अक्षरं आली पण वेडीवाकडी. हे मराठीचं आहे की यंत्राचं?

उत्तर : यंत्राचंच. तुम्ही पाठवलेला फोटो बघितला. ‘विद्यार्थी’मधली पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन बसली आहे, ‘द’चा पाय मोडलेला आणि ‘या’ सुटा पडलाय, रफार डोक्यावरून उतरून हलंत ‘र’ झालाय. म्हणजे फॉन्ट आहे, पण अक्षरं जुळवणारा कोणी नाही. ते काम हार्फबझ ही लायब्ररी करते. तयार डेस्कटॉपमध्ये ती असतेच, म्हणून पुतण्याच्या लॅपटॉपवर सगळं सुरेख दिसलं असणार. आपण बांधलेल्या इमेजमध्ये आपण मागू तेवढंच येतं.

त्याला सांगा, मेन्यूत हार्फबझ निवड, आणि एवढ्यावर थांबू नको. एसडीएलची टीटीएफ लायब्ररी आधीच हार्फबझशिवाय बांधून झालेली आहे. नवी लायब्ररी आली म्हणून बिल्डरूट जुनी पुन्हा बांधत नाही. ‘मेक एसडीएल२_टीटीएफ-डर्क्लीन’ करून पुन्हा ‘मेक’ मारायला हवं. शिवाय प्रोग्रामात फॉन्टला लिपी कुठली ते सांगून टाकलेलं बरं. संकेत चार रोमन अक्षरांचा आहे, उच्चार ‘देवा’.

तपासायला ‘नमस्कार’ लिहू नका, ते अर्धवट मोडलं तरी चालून जातं. ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘सूर्य’, ‘श्री’, ‘ज्ञानेश्वर’ हे एका ओळीत लिहा. ‘दुसऱ्या’तला आडवा र नीट आला, की बहुतेक सगळं आलं. एवढं झाल्यावरही ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसले तर ती फॉन्टची बाब आहे. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, भाषा मराठी असल्याचं सांगितलं तरच मराठी वळण बाहेर येतं. फॉन्ट म्हणून रेड हॅटने खुला केलेला लोहित चालेल. तो ओव्हरलेमध्ये ‘शेअर’खालच्या ‘फॉन्ट्स’मध्ये ठेवायचा, हाताने कार्डावर नव्हे. वाचनालयाचं कार्ड कधीतरी खराब होणारच.

प्रश्न (लातूर) : फोनसाठी अँड्रॉइड सोर्सपासून बांधायचं आहे. घरचा कॉम्प्युटर १६ जीबीचा.

उत्तर : गूगल अँड्रॉइडसाठी ४०० जीबी डिस्क आणि ६४ जीबी रॅम सांगतं. तुमच्या मॉडेलसाठी लिनिएजओएस या अँड्रॉइडवरच बेतलेल्या खुल्या सिस्टिमची तयार इमेज असेल तर ती टाका. नसेल तर कॅमेरा आणि मोडेमचे बंद ड्रायव्हर कुठून आणायचे हा प्रश्न रॅमपेक्षा मोठा आहे.

प्रश्न (ठाणे) : सोर्सपासून स्वतः बांधलेली सिस्टिम तयार सिस्टिमपेक्षा सुरक्षित, असं माझा मुलगा छातीठोकपणे सांगतो. खरं का?

उत्तर : छाती जरा कमी ठोकायला सांगा. मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण त्याला विचारा. एक्सझेड ही फाइली आवळणारी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी बराच काळ इमानेइतबारे काम करून प्रकल्पात विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरला एसएसएच (दुरून यंत्रात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकलं, त्याने माग काढला, म्हणून ते उघडकीस आलं.

तुमच्या प्रश्नाशी संबंध असा. गिटमध्ये जो सोर्स सगळ्यांना दिसत होता त्यात हा दरवाजा उघडणारी ओळ नव्हतीच. ती होती प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये (सोर्सची आवळलेली एकच फाइल), एका ‘एम४’ फाइलीत. आणि खरा माल चाचणीच्या म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींत. म्हणजे ज्याने प्रामाणिकपणे टारबॉल उतरवून, हॅश जुळवून, स्वतः कंपाइल केलं त्यालाही ती लागण होऊ शकत होती. हॅश एवढंच सांगतो, की तुम्हाला मिळालं तेच सगळ्यांना मिळालं. एक्सझेडचा तो सापळा ६४ बिटी इंटेल जातीच्या प्रोसेसरवर आणि डेबियन किंवा आरपीएम पॅकेज बांधलं जात असतानाच उघडायचा, त्यामुळे आर्मच्या घरगुती इमेजी सुटल्या. पण ती हुशारी नव्हे, नशीब.

बांधणाऱ्याच्या हातात एक गोष्ट नक्की येते. लायब्ररीत भोक सापडल्याची बातमी आली, की ‘आपल्या यंत्रात ही आहे का, कितवी आवृत्ती आहे’ याचं उत्तर पाच मिनिटांत देता येतं आणि दुरुस्त आवृत्ती घालून त्याच दिवशी नवी इमेज काढता येते. अर्थात त्याने कॉन्फिग जपून ठेवली असेल तर. नाहीतर अंबडचं पत्र त्याला वाचायला द्या. एकाच सोर्सपासून दोन कॉम्प्युटरवर बिट न् बिट तीच इमेज यावी यासाठी डेबियनसारखे प्रकल्प मेहनत घेत आहेत. बिल्डची तारीख फाइलीत घुसते म्हणून ‘सोर्स_डेट_इपॉक’ नावाने एक ठरलेली तारीख सगळ्या हत्यारांना देतात. मुलाला करून बघू द्या. दोन इमेजी बांधायच्या आणि ‘डिफोस्कोप’ने फरक बघायचा, रविवार छान जाईल.

प्रश्न (अमरावती) : विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकून बिल्डरूट चालवतोय. ‘मेक’ म्हटल्यावर पहिल्याच क्षणी ‘तुमच्या पाथमध्ये स्पेस आहेत’ अशी तक्रार करून बंद पडतं. माझ्या फोल्डरच्या नावात एकही स्पेस नाही.

उत्तर : फोल्डर नव्हे, ‘पाथ’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे कमांड कुठल्या कुठल्या फोल्डरांत शोधायची त्याची यादी. डब्ल्यूएसएल विंडोजचा सगळा पाथ लिनक्सच्या पाथला शेपटासारखा जोडून देतं आणि त्यात ‘प्रोग्राम फाइल्स’ असतंच, मधल्या स्पेससकट. ‘ईटीसी’मधल्या ‘डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फ’ फाइलीत ‘इंटरॉप’ विभागाखाली ‘अपेंडविंडोजपाथ’ला ‘फॉल्स’ लिहा, विंडोजच्या बाजूने ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’ द्या आणि पुन्हा उघडा. सोर्सचा फोल्डरही ‘एमएनटी’खालच्या सी ड्राइव्हवर असेल तर लिनक्सच्या होममध्ये हलवा. तिथे लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जात नाहीत, त्यामुळे पुढे कर्नल उलगडताना एकसारख्या नावाच्या फाइली एकमेकींवर बसतात, आणि वेगही फार कमी मिळतो. त्यानंतर काही पडलं तर मला शेवटची ओळ पाठवू नका. ती नेहमी ‘एरर २’च असते. वर सरकत जाऊन जी पहिली एरर दिसेल ती, तिच्या आधीच्या वीसेक ओळींसकट पाठवा. आणि ‘-जे’ लावून बिल्ड केली असेल तर आधी त्याशिवाय एकदा चालवा, म्हणजे चार पॅकेजांच्या ओळी एकमेकींत मिसळणार नाहीत.